लोकसभा विसर्जित झाल्यावर विधेयकांचे काय होते? एका मराठी ऑनलाइन अभ्यासवर्गाचे परीक्षण

संसदीय कार्यपद्धतीवर मराठीत दर्जेदार शिकवणी मिळणे अजूनही अवघडच आहे. स्पर्धा परीक्षांच्या वर्गांत हा विषय दोन तासांत उरकला जातो, आणि विधी महाविद्यालयांत तो बहुधा इंग्रजीतूनच समोर येतो. त्यामुळे पुण्यातील एका प्रशिक्षण संस्थेने ध्वनिचित्रमुद्रित व्याख्याने, छापील टिपणे आणि आठवड्यातून एक थेट शंकासमाधान अशा स्वरूपात ‘संसद आणि विधिमंडळ’ या विषयाचा मराठी अभ्यासवर्ग सुरू केल्याचे कळताच मी त्यात नाव नोंदवले. परीक्षणात काही उणिवांवर बोट ठेवावे लागणार असल्याने संस्थेचे नाव येथे देत नाही. संपूर्ण अभ्यासक्रमाचा आढावा घेण्याचाही विचार नाही, कारण अधिवेशनाची रचना, प्रश्नोत्तराचा तास, अर्थसंकल्पाचे टप्पे हे भाग कोणत्याही बऱ्या पुस्तकात सापडतात आणि या वर्गातही ते तसेच, म्हणजे नीटनेटके पण अनपेक्षित काही न देणारे आहेत. माझ्या मते शुल्क वसूल होते ते ‘प्रलंबित विधेयके आणि सभागृहाचे विसर्जन’ या विभागात, आणि वर्गाच्या मर्यादाही तेथेच सर्वांत स्पष्ट दिसतात.

विभागाची सुरुवात संविधानाच्या अनुच्छेद 107 पासून होते. शिक्षकांनी येथे एक चांगला निर्णय घेतला आहे: बहुतेक वर्गांत असतो तसा ‘व्यपगत होणारी’ (म्हणजे आपोआप रद्दबातल होणारी) आणि ‘व्यपगत न होणारी’ विधेयके असा तक्ता त्यांनी आधी दाखवलेला नाही. त्यांनी खंड तीन, चार आणि पाच एकामागोमाग वाचून दाखवले आणि प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारला की, विसर्जनाच्या दिवशी हे विधेयक नेमके कोणत्या सभागृहापुढे आहे आणि लोकसभेचा हात त्याला लागला आहे की नाही. नियम खरोखर एवढ्यावरच उभा आहे. विधेयक लोकसभेत प्रलंबित असेल तर ते व्यपगत होते, मग ते मुळात तेथे मांडलेले असो वा राज्यसभेने मंजूर करून तेथे पाठवलेले असो. लोकसभेने मंजूर केलेले विधेयक राज्यसभेत अडकले असेल तर तेही व्यपगत होते. राज्यसभेत मांडलेले आणि लोकसभेने अद्याप मंजूर न केलेले विधेयक मात्र लोकसभा गेली तरी राज्यसभेच्या पटलावर टिकून राहते. राज्यसभा हे कायम सभागृह आहे, ते कधी विसर्जित होत नाही आणि त्याचे एकतृतीयांश सदस्य दर दोन वर्षांनी निवृत्त होतात, ही कारणमीमांसाही शिक्षक देतात, पण तीत रेंगाळत नाहीत.

सत्रसमाप्ती (म्हणजे एखादे अधिवेशन संपणे) आणि विसर्जन (म्हणजे सभागृहच संपणे) यांतील फरक सांगताना त्यांनी ब्रिटनचे उदाहरण घेतले आहे, तेही योग्य ठिकाणी. ब्रिटिश परंपरेत सत्र संपले की अपुरी सरकारी विधेयके पडतात, म्हणून तेथे काही विधेयके ठरावाद्वारे पुढच्या सत्रात नेण्याची सोय करावी लागली, आणि निवडणूक जाहीर झाल्यावर विसर्जनापूर्वीच्या मोजक्या दिवसांत दोन्ही बाजूंच्या सहमतीने जेवढी विधेयके पार पडतील तेवढी पार पाडण्याची घाई होते. 2024 साली निवडणूक अचानक जाहीर झाली तेव्हा भाडेकरूंच्या संरक्षणाविषयीचे आणि तंबाखूविक्रीवर पिढीनिहाय बंदी आणणारे अशी दोन गाजलेली विधेयके तेथे अपुरीच राहिली. आपल्या संविधानकर्त्यांनी सत्रसमाप्तीपुरता हा वारसा नाकारला आणि विसर्जनापुरता तो अंशतः ठेवला, हे विधान मला आवडले, कारण ते परीक्षेसाठी पाठ करायचे नसून विचार करायला लावणारे आहे.

या विभागातील सर्वोत्तम व्याख्यान महिला आरक्षणाच्या विधेयकावरचे आहे आणि तेवढ्यासाठी तरी हा वर्ग घ्यावा, असे मी म्हणेन. देवेगौडा सरकारने सप्टेंबर 1996 मध्ये लोकसभेत मांडलेले 81वे घटनादुरुस्ती विधेयक गीता मुखर्जी यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त समितीकडे गेले, समितीने अहवालही दिला, पण अकरावी लोकसभा विसर्जित होताच ते संपले. 1998 मध्ये मांडलेले त्याचे पुढचे रूप बाराव्या लोकसभेबरोबर गेले, आणि 1999 मध्ये मांडलेले तेराव्या लोकसभेबरोबर. या तीन वेळांचा धडा घेऊन म्हणा किंवा अन्य हिशेबाने म्हणा, 2008 साली मनमोहन सिंग सरकारने 108वे घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेऐवजी राज्यसभेत मांडले. मे 2009 मध्ये चौदावी लोकसभा विसर्जित झाली तेव्हा हे विधेयक त्यामुळेच वाचले. नंतर 9 मार्च 2010 रोजी राज्यसभेने ते 186 विरुद्ध 1 मतांनी मंजूर केले आणि देशभर त्याचे स्वागत झाले. येथे शिक्षक थांबतात आणि विद्यार्थ्यांना विचारतात, की या मंजुरीने विधेयक अधिक सुरक्षित झाले की कमी. उत्तर ‘कमी’ असे आहे, कारण मंजूर झालेले विधेयक लोकसभेकडे गेले, तेथे ते चार वर्षे चर्चेला आले नाही, आणि 18 मे 2014 रोजी पंधरावी लोकसभा विसर्जित झाली तेव्हा राज्यसभेची ती मंजुरीही त्याच्याबरोबर निष्फळ ठरली. तेच विधेयक राज्यसभेत नुसते पडून राहिले असते तर जगले असते. सप्टेंबर 2023 मध्ये संमत झालेले 128वे घटनादुरुस्ती विधेयक हे सर्वस्वी नवे विधेयक होते, त्याचा प्रवास पुन्हा पहिल्या पायरीपासून झाला आणि तेच 106वी घटनादुरुस्ती म्हणून संविधानात आले.

म्हणजे कायदा होण्याच्या दिशेने टाकलेले एखादे पाऊलच विधेयकाला विसर्जनाच्या तडाख्यात आणून ठेवू शकते. हे समजल्यावर एखादे सरकार विधेयक कोणत्या सभागृहात मांडते याकडे वाचक वेगळ्या नजरेने पाहू लागतो. तक्ता पाठ करून ही दृष्टी येत नाही. शिक्षकांनी ती दिली, याचे श्रेय त्यांना मनःपूर्वक दिले पाहिजे.

याच्या अगदी शेजारचे लोकपालावरील व्याख्यान मात्र निष्काळजीपणे तयार केलेले वाटते. 1968 साली मांडलेले पहिले लोकपाल विधेयक लोकसभेने 1969 मध्ये मंजूर केले, ते राज्यसभेत असतानाच डिसेंबर 1970 मध्ये चौथी लोकसभा विसर्जित झाली आणि ते व्यपगत झाले, एवढे बरोबर सांगितले आहे. पण त्यानंतरची सर्व विधेयके ‘अशीच’ गेली असे एका वाक्यात उरकणे चूक आहे, कारण 1985 चे विधेयक सरकारने स्वतः मागे घेतले होते. मागे घेणे आणि व्यपगत होणे यांत राजकीय जबाबदारीचा फरक आहे: पहिल्यात सरकारला सभागृहापुढे उभे राहून तसा प्रस्ताव मांडावा लागतो, दुसऱ्यात कोणालाच काही करावे लागत नाही. हिंदू संहिता विधेयकाचाही याच व्याख्यानात उल्लेख आहे आणि तो येथे शोभत नाही. 1951 मध्ये ते विधेयक सरकारने मधेच बाजूला ठेवले, डॉ. आंबेडकरांनी सप्टेंबरात मंत्रिपदाचा राजीनामा दिला, आणि तेव्हाची हंगामी संसद तर एकसभागृही होती. विसर्जनामुळे बुडालेल्या विधेयकांच्या रांगेत ते बसवल्याने विद्यार्थ्याचा समज उलट धूसर होतो. थेट शंकासमाधानात मी हा मुद्दा लेखी विचारला. उत्तर सौजन्याने मिळाले, पुढच्या आवृत्तीत बदल करू असे आश्वासनही मिळाले, मुद्रित व्याख्यान मात्र हे लिहीपर्यंत तसेच आहे.

दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेले आणि राष्ट्रपतींच्या अनुमतीची वाट पाहणारे विधेयक व्यपगत होत नाही, हा नियम टिपणांत दोन ओळींत आला आहे. माझी सर्वांत मोठी तक्रार हीच, कारण या दोन ओळींमागे स्वातंत्र्योत्तर काळातील एक अत्यंत रोचक खटला आहे. केरळच्या पहिल्या साम्यवादी सरकारचे कृषिसंबंध विधेयक तेथील विधानसभेने जून 1959 मध्ये मंजूर केले आणि ते राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवण्यात आले. 31 जुलै 1959 रोजी सरकार बरखास्त झाले, विधानसभा विसर्जित झाली. राष्ट्रपतींनी पुढे 1960 मध्ये हे विधेयक फेरविचारासाठी परत पाठवले तेव्हा त्यावर विचार करणारी विधानसभा नव्याने निवडून आलेली होती, तिने ते दुरुस्त्यांसह मंजूर केले आणि जानेवारी 1961 मध्ये त्याला अनुमती मिळाली. कायद्याची झळ बसलेल्या जमीनमालकाचा युक्तिवाद असा, की जुन्या विधानसभेबरोबर विधेयकही संपले होते, त्यामुळे नव्या विधानसभेपुढे फेरविचाराला काही उरलेच नव्हते. पुरुषोत्तमन नंबुदिरी विरुद्ध केरळ राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1961 मध्ये तो फेटाळला. अनुमतीसाठी गेलेले विधेयक सभागृहापुढे प्रलंबित नसते, म्हणून सभागृह गेले तरी ते जात नाही, असा त्याचा आशय आहे. परत पाठवलेल्या विधेयकाचा नव्या सभागृहालाही फेरविचार करता येतो, हे तत्त्व त्यातूनच पक्के झाले. एवढी सामग्री हाताशी असताना ती दोन ओळींत कोंबणे म्हणजे पुरणपोळीच्या ताटात पुरण वाढायला विसरण्यासारखे आहे.

संयुक्त बैठकीचा अपवाद त्यामानाने व्यवस्थित समजावला आहे. एखाद्या विधेयकावर दोन्ही सभागृहांत मतभेद झाले आणि राष्ट्रपतींनी संयुक्त बैठक बोलावण्याचा मनोदय विसर्जनापूर्वी अधिसूचित केला असेल, तर अनुच्छेद 108 नुसार मधे लोकसभा विसर्जित झाली तरी ती बैठक होऊ शकते आणि विधेयक मंजूर होऊ शकते. हुंडाबंदी विधेयकासाठी 1961 मध्ये, बँकिंग सेवा आयोग रद्द करणाऱ्या विधेयकासाठी 1978 मध्ये आणि दहशतवाद प्रतिबंधक विधेयकासाठी 2002 मध्ये अशा आजवर तीनच संयुक्त बैठका झाल्या असल्याने या अपवादावर अधिक वेळ न घालवण्याचा शिक्षकांचा निर्णय मला पटला.

मग राज्यसभेतील दीर्घायुषी विधेयकांचे प्रकरण येते आणि तेथे व्याख्यानाला पुन्हा रंग चढतो. जून 2019 मध्ये, सोळावी लोकसभा विसर्जित झाल्यानंतरच्या पहिल्या अधिवेशनात तत्कालीन सभापती व्यंकय्या नायडू यांनी राज्यसभेत सांगितले होते, की लोकसभेने मंजूर केलेली आणि राज्यसभेत अडकलेली 22 विधेयके व्यपगत झाली, तर राज्यसभेत मांडलेली 33 विधेयके तशीच प्रलंबित आहेत. त्यांतील तीन वीस वर्षांहून जुनी होती आणि सर्वांत जुने, भारतीय वैद्यकीय परिषद दुरुस्ती विधेयक, 1987 सालचे होते. लोकसभेने मंजूर केलेल्या विधेयकांच्या व्यपगत होण्याबाबत फेरविचार व्हावा, असे त्यांनी त्या वेळी सुचवले. शिक्षकांनी या 33 मधून निवडलेली उदाहरणे नेमकी आहेत. दोनहून अधिक अपत्ये असणाऱ्यांना लोकप्रतिनिधित्वासाठी अपात्र ठरवू पाहणारे 1992 चे 79वे घटनादुरुस्ती विधेयक अनेक लोकसभा आल्या-गेल्या तरी नोंदवहीत राहिले. डिसेंबर 2004 मध्ये राज्यसभेत मांडलेल्या बियाणे विधेयकाचेही तसेच झाले. विदर्भ-मराठवाड्यात बोगस बियाण्यांची तक्रार दर खरिपात होते आणि दर खरिपात नव्या कायद्याची मागणी होते. त्या मागणीचे एक रूप राज्यसभेच्या पटलावर 2009, 2014 आणि 2019 ची तिन्ही विसर्जने पार करून तसेच पडून होते, हे कळल्यावर टिकणे आणि पुढे सरकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे वेगळे सांगावे लागत नाही.

माझ्या दृष्टीने एक बारीक पण महत्त्वाचा मुद्दा या प्रकरणात राहून गेला आहे. विधेयक कोणत्या समितीकडे आहे यावरून त्याचे भवितव्य ठरत नाही. मुलींच्या विवाहाचे किमान वय 21 करण्यासाठीचे बालविवाह प्रतिबंध दुरुस्ती विधेयक डिसेंबर 2021 मध्ये लोकसभेत मांडले गेले आणि शिक्षण, महिला, बालके, युवक व क्रीडा या विषयांच्या स्थायी समितीकडे गेले. ही समिती राज्यसभेच्या सभापतींच्या अखत्यारीतील आहे. तरीही 5 जून 2024 रोजी सतरावी लोकसभा विसर्जित झाली तेव्हा ते विधेयक व्यपगत झाले, कारण ते लोकसभेचे होते. वर्गातील सरावचाचणीत असा एक जरी प्रश्न असता तरी कोणाला नियम समजला आणि कोणी तो पाठ केला, हे लगेच कळले असते. सध्याची सरावचाचणी मात्र अनुच्छेदांचे क्रमांक विचारण्यापलीकडे जात नाही.

अध्यादेशांचा भाग आटोपशीर आहे आणि तिहेरी तलाकच्या उदाहरणामुळे तो समजतोही. डिसेंबर 2017 मध्ये लोकसभेने मंजूर केलेले विधेयक राज्यसभेत अडकले, सप्टेंबर 2018 मध्ये अध्यादेश निघाला, डिसेंबर 2018 मध्ये लोकसभेने दुसरे विधेयक मंजूर केले, तेही अडकले, 2019 च्या जानेवारीत आणि फेब्रुवारीत पुन्हा अध्यादेश निघाले, आणि मे 2019 मध्ये लोकसभा विसर्जित झाल्यावर विधेयक गेले तरी शेवटचा अध्यादेश लगेच गेला नाही, कारण अध्यादेशाची मुदत संसद पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांनी संपते. सरकारने त्या मुदतीच्या आत जून 2019 मध्ये नवे विधेयक मांडले आणि जुलैअखेर त्याचा कायदा झाला. नागरिकत्व दुरुस्तीचे 2016 चे विधेयकही जानेवारी 2019 मध्ये लोकसभेत मंजूर होऊन पुढे व्यपगत झाले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात नव्या स्वरूपात आले; ते मात्र टिपणांत फक्त तळटीप म्हणून आहे. कंपनी विधेयकाचा प्रवास (2008 मध्ये मांडले, 2009 च्या विसर्जनाने गेले, त्याच वर्षी पुन्हा आले आणि अखेर 2013 मध्ये कायदा झाला) वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना अधिक जवळचा वाटला असता, पण निवड शिक्षकांची आहे आणि ती मी मान्य करतो.

मराठी माध्यमाच्या वर्गाकडून ज्या भागाची सर्वाधिक अपेक्षा होती तो, म्हणजे महाराष्ट्र विधिमंडळाचा भाग, दुर्दैवाने सर्वांत कमकुवत निघाला. राज्यांसाठी अनुच्छेद 196 मध्ये जवळपास समांतर व्यवस्था आहे. विधानसभेत प्रलंबित असलेले आणि विधानसभेने मंजूर करून विधान परिषदेत अडकलेले विधेयक विधानसभेच्या विसर्जनाने व्यपगत होते, तर परिषदेत मांडलेले आणि विधानसभेने मंजूर न केलेले विधेयक टिकते. एक मोठा फरक असा, की राज्यांत संयुक्त बैठकीची तरतूदच नाही. मोजक्या राज्यांतच विधान परिषद आहे आणि महाराष्ट्र त्यांपैकी एक आहे, त्यामुळे हा नियम आपल्याला पुस्तकी नाही. तरीही व्याख्यानात एकही महाराष्ट्राचे उदाहरण नाही! जुलै 2024 च्या पावसाळी अधिवेशनात मांडलेले महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक त्या अधिवेशनात मंजूर झाले नाही, नोव्हेंबरात चौदाव्या विधानसभेची मुदत संपली, आणि डिसेंबर 2024 मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात ते नव्याने मांडावे लागले. तेथून ते चंद्रशेखर बावनकुळे यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त समितीकडे गेले आणि जुलै 2025 मध्ये विधानसभेत व पाठोपाठ विधान परिषदेत मंजूर झाले. वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या कानावरून हे नाव गेलेले आहे. विधेयकाच्या गुणदोषांत न शिरताही विसर्जनाचा नियम त्यावरून पाच मिनिटांत समजावता आला असता.

सेवेच्या व्यावहारिक बाजूविषयी थोडक्यात. शुल्क माफक आहे, ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे, टिपणांतील मराठी प्रमाण आणि वाचनीय आहे, आणि पारिभाषिक शब्द संविधानाच्या अधिकृत मराठी अनुवादाप्रमाणे वापरले असल्याने विद्यार्थ्याला मूळ मजकुराशी ताडून पाहता येते. शंकासमाधानाची वेळ रात्रीची असल्याने नोकरी करणाऱ्यांना सोयीची पडते, मात्र तेथे परीक्षार्थींचे प्रश्न इतके असतात की पत्रकार किंवा वकील म्हणून आलेल्याला आपला क्रम येण्याची वाट पाहावी लागते. लेखी प्रश्न आधी पाठवण्याची सोय आहे, ती अवश्य वापरावी.

गुण द्यायचेच तर या विभागाला मी पाचपैकी साडेतीन देईन. महिला आरक्षणाच्या आणि राज्यसभेच्या व्याख्यानांना स्वतंत्रपणे साडेचार. संस्थेने संपूर्ण अभ्यासक्रमाऐवजी विभागवार नोंदणीची सोय ठेवली आहे, तेव्हा ज्यांना केवळ विधिनिर्मितीत रस आहे त्यांनी हा एकच विभाग घेतला तरी चालेल. मात्र व्याख्याने पाहण्याआधी अनुच्छेद 107, 108, 111 आणि 196 स्वतः वाचून घ्यावेत आणि केरळच्या खटल्याचा निकालही मिळवून वाचावा. डिसेंबर 2024 मध्ये लोकसभेत मांडले गेलेले एकत्रित निवडणुकांविषयीचे 129वे घटनादुरुस्ती विधेयक संयुक्त समितीकडे पाठवले गेले, त्यावर पुढच्या तुकडीसाठी एक नवे व्याख्यान जोडणार असल्याचे शिक्षकांनी जाहीर केले आहे. या तुकडीतील नोंदणीधारकांना ते वेगळे शुल्क न देता पाहता येणार आहे.